पोराचे एकलेपण आणि गावाचा आधार



व्यसनमुक्तीवर बोलायचे म्हटले की आपण बहुधा दुकानाविषयी बोलतो. दारूचा गुत्ता बंद करा, हातभट्टी फोडा, पानठेला शाळेजवळून हलवा, असे आपण ग्रामसभेत सांगतो. ते करायलाच हवे. पण गुत्त्याकडे जाणारी जी पायवाट असते तिच्याकडे आपले लक्ष क्वचित जाते. एकाच वर्गातली, एकाच आळीतली दहा पोरे असतात. ठेला सगळ्यांच्याच वाटेवर असतो. मग त्यांतला एखादाच पंधराव्या-सोळाव्या वर्षी व्यसनाच्या आहारी का जातो? प्रत्येकाचे कारण निराळे. कुणाच्या घरात बापाचेच उदाहरण असते, कुणाला संगत भोवते, कुणाला नापास झाल्याचा धक्का बसतो. आज मला अशा एका कारणाविषयी बोलायचे आहे, जे आपण घरातही काढत नाही आणि शाळेतही काढत नाही. विषय थोडा अवघड आहे. पण अवघड म्हणून टाळला तर त्याची किंमत लेकरे मोजतात.

मुलगा वयात येऊ लागला की बहुधा त्याच्या मनात मुलींविषयी ओढ निर्माण होते आणि मुलीच्या मनात मुलांविषयी. यात नवे काही नाही. पण काही मुले अशी असतात की त्यांची ओढ मुलांकडेच असते, काही मुलींची ओढ मुलींकडे असते. यांना आपण समलिंगी म्हणतो. आणखी काही लेकरे अशी की शरीर मुलाचे, पण मनाने ती लहानपणापासून स्वतःला मुलगी समजतात, किंवा याच्या उलट. त्यांना पारलिंगी किंवा तृतीयपंथी म्हणतात. ही सारी मुले संख्येने थोडी, म्हणून त्यांना लैंगिक अल्पसंख्य असेही नाव आहे. नाव काहीही द्या. ती तुमच्याआमच्या घरांतच जन्माला येतात. हे मुंबई-पुण्याचे खूळ आहे, आपल्या धानाच्या मुलखात असले काही नसते, असा ज्यांचा समज असेल त्यांनी तो सोडून द्यावा.

ही ओढ कुणी शिकवून येत नाही आणि संगतीने लागतही नाही. शिक्षक मंडळींना एक उदाहरण पटेल. पूर्वी डावखुऱ्या पोराच्या हातावर छड्या मारून त्याला उजव्या हाताने लिहायला लावीत. त्याने पोराचा हात बदलला नाही. त्याचे अक्षर बिघडले आणि शाळेची भीती तेवढी मनात बसली. तशातलाच हा प्रकार आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० रोजी समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढून टाकली. आपल्या देशातील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१८ साली हा रोग नव्हे असे जाहीर सांगितले. जिथे रोगच नाही, तिथे औषध कशाचे करायचे?

आता आपल्या झाडीपट्टीकडे पाहा. दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते. रात्री दंडार होते, खडी गंमत होते, नाटक होते. लुगडे नेसून, पायांत चाळ बांधून एखादा पोरगा असा नाचतो की म्हातारीकोतारी बोटे तोंडात घालतात आणि मंडळी खुशीने बक्षिसाच्या नोटा लावतात. दंडारीत, खडी गंमतीत पुरुषाने बाईची भूमिका करणे ही आपल्याकडची जुनी रीत आहे. सगळे तसे करणारे काही मनाने तसे नसतात. ती एक कला आहे. पण मला नवल वाटते ते याचे, की रात्री ज्या लचकत्या चालीला आपण वाहवा दिली, तशीच चाल दुसऱ्या दिवशी शाळेच्या पटांगणात एखाद्या लेकराची दिसली की आपणच त्याला ‘बायल्या’ म्हणतो. मांडवात जे गोड वाटते ते ओसरीवर का खुपते?

समजा, नववीत शिकणारा असा एक पोरगा आहे. आपण इतरांसारखे नाही हे त्याला बारा-तेराव्या वर्षीच कळून चुकते. कुणाला सांगावे? आईला सांगितले तर ती रडेल, बापाला सांगितले तर तो मारील, मित्राला सांगितले तर उद्या शाळाभर होईल. मग तो गप्प बसतो. कबड्डी खेळायला जात नाही, कारण तिथे टोमणे ऐकावे लागतात. संडासाला जातो तो सगळे वर्गात गेल्यावर. शाळा बुडवू लागतो. घरचे म्हणतात, ‘पोट्टा बिघडला.’ पोट्टा बिघडलेला नसतो. तो भ्यालेला असतो.

अशा पोराला ठेल्यावर एक सोय असते. तिथे कोणी काही विचारीत नाही. पन्नीत घोटलेला खर्रा तोंडात टाकला की बोलावे लागत नाही, आणि चार थोराड पोरांत उभे राहायला जागा मिळते. पुढे कोणीतरी मोहाची पाजतो. दारू प्यायली, सिगारेट ओढली की आपण इतरांसारखे मर्द दिसू, असेही त्याला वाटते. ‘बायल्या’ म्हणणाऱ्यांना त्याने दिलेले ते उत्तर असते! शिवाय रात्री झोप येत नाही, मनात नको ते विचार येतात, त्यावर नशेचा तेवढ्यापुरता उतारा पडतो. म्हणजे आपण ज्याला चैन म्हणतो ते त्याचे औषध झालेले असते. फक्त ते औषध मूळ दुखण्याहून वाईट. आणखी एक धोका आहे. अशा एकट्या पोराला हेरून नशेच्या आमिषाने त्याचा गैरफायदा घेणारी मोठी माणसे असतात. घरी सांगायची सोय नसलेले लेकरू त्यांच्या हाती अलगद सापडते.

मुलीचे दुखणे तर आणखी आत असते. तिला ठेल्यावर उभे राहता येत नाही. तिची तंबाखूची मिश्री आणि डब्यातला खर्रा कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. तिचे लग्न ठरते आणि प्रश्न मिटला असे सगळे समजतात. विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ हे नाटक १९८१ साली रंगभूमीवर आले. दुसऱ्या मुलीवर प्रेम करणाऱ्या एका कॉलेजातल्या मुलीची ती कथा आहे, आणि तिचा शेवट आत्महत्येत होतो. नाटक चाळीस वर्षांहून जुने झाले, पण त्यातली कोंडी जुनी झाली आहे असे म्हणवत नाही.

केवळ कल्पनेवर विसंबून मी हे सांगत नाही. नशा मुळातच कोवळ्या वयाला लवकर पकडते. केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेली मोठी पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. पंक्चरचे सोल्युशन वगैरे हुंगण्याच्या नशेचे प्रमाण तीत प्रौढांमध्ये ०.५८ टक्के, तर १० ते १७ वर्षांच्या मुलांमध्ये १.१७ टक्के आढळले, म्हणजे दुप्पट. त्यातही ज्या मुलांविषयी आपण बोलतो आहोत त्यांचा धोका अधिक. अमेरिकेतील संशोधकांनी २००८ साली अशा १८ अभ्यासांचा एकत्र विचार केला. समलिंगी मुलांमध्ये नशेकडे वळण्याचा संभव इतर मुलांच्या मानाने सरासरी १९० टक्क्यांनी जास्त, म्हणजे जवळजवळ तिप्पट, असे त्यांना दिसून आले.

इथे कोणी म्हणेल, ‘बघा जी, म्हणजे असली पोरे जात्याच व्यसनी!’ पण थांबा. दोष त्यांच्या स्वभावात असता, तर तो सगळीकडे सारखाच दिसला असता. तसा तो दिसत नाही. सॅन फ्रान्सिस्को येथील कॅटलिन रायन या बाईंनी २००९ साली असे २२४ तरुण-तरुणी निवडून त्यांच्या घरची वागणूक तपासली. ज्यांना वाढत्या वयात घरच्यांनी फार झिडकारले होते, त्यांच्यात अमली पदार्थ घेण्याचा संभव, ज्यांना झिडकारले नव्हते त्यांच्या ३.४ पट होता. आत्महत्येच्या प्रयत्नाचा संभव तर ८.४ पट होता. मुले दोन्हीकडे सारख्याच स्वभावाची. फरक घराचा होता.

घरापुढे गाव येते. कॅनडा देशात ब्रिटिश कोलंबिया नावाचा प्रांत आहे. तिथे २०१३ साली शाळकरी मुलांची मोठी आरोग्यपाहणी झाली. कोणत्या वस्तीत अशा मुलांना आधार देणारे कार्यक्रम, मंडळे आणि शाळेतले गट आहेत, आणि कुठे नाहीत, हे संशोधकांनी त्या पाहणीशी पडताळून पाहिले. जिथे असा आधार अधिक, तिथल्या या मुलांत अमली पदार्थांची नशा कमी आढळली. त्याच प्रांतातील शाळांच्या आणखी एका अभ्यासात असे दिसले, की जिथे चिडवण्याविरुद्ध नियम करून ते काही वर्षे नीट पाळले गेले होते, तिथे घातक दारूपान या मुलांत तर घटलेच, पण काही अंशी इतर मुलांतही घटले. म्हणजे एका लेकरासाठी लावलेल्या झाडाची सावली साऱ्या वर्गाला मिळाली.

कॅनडा कुठे आणि आपली वैनगंगा कुठे, हे मला ठाऊक आहे. पण एकटे पडलेले लेकरू नशेकडे वळते आणि कोणी जवळ घेतलेले लेकरू सावरते, हा माणसाचा स्वभाव आहे. त्याला देशाची सीमा नाही.

अशा मुलांच्या बाबतीत आपण बहुधा चार उपाय करतो. पहिला मार, दुसरा बाबा-भगत, तिसरा डॉक्टर आणि चौथा लग्न. मार दिल्याने पोरगा खोटे बोलायला शिकतो. भगताकडे नेल्याने पैसे जातात. डॉक्टरांचे म्हणाल तर, अशी ओढ ‘बदलून देतो’ असे सांगणे हे वैद्यकीय व्यवसायाला न शोभणारे वर्तन आहे, असे राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ साली सर्व राज्यांच्या वैद्यक परिषदांना कळवले आहे. तेव्हा कोणी डॉक्टर तसा शब्द देऊ लागला तर त्याच्या पायऱ्या उतरून सरळ घरी यावे. आणि लग्न? त्याने एकाच्या जागी दोन जीव पोळतात. मुलीला १८ आणि मुलाला २१ वर्षे पुरी होण्याआधी केले तर तो गुन्हाही होतो.

कायद्याविषयी दोन शब्द सांगतो, कारण पोलिसांच्या धाकानेही कित्येक घरे गप्प बसतात. इंग्रजांनी १८६० साली केलेल्या दंडसंहितेतील ३७७ व्या कलमाने समलिंगी संबंध गुन्हा ठरत. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी, सज्ञान माणसांच्या परस्परसंमतीच्या संबंधांना ते कलम लागू होणार नाही, असा निकाल दिला. ती दंडसंहिताच १ जुलै २०२४ पासून जाऊन तिच्या जागी नवा कायदा आला. त्याआधी १५ एप्रिल २०१४ च्या निकालाने तृतीयपंथीयांना त्यांची स्वतंत्र ओळख मिळाली होती. अठरा वर्षांखालील लेकरांना २०१२ च्या कायद्याने लैंगिक अत्याचारापासून वेगळे संरक्षण आहे, मग ते लेकरू मुलगा असो, मुलगी असो. तात्पर्य, आपला मुलगा असा आहे म्हणजे तो गुन्हेगार आहे, ही भीती मनातून काढून टाकावी.

हा विषय मराठीत आजच निघाला असेही समजू नये. र. धों. कर्व्यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढले आणि १९५३ साली मृत्यू येईपर्यंत ते चालवले. वाचकांच्या लैंगिक शंकांना उत्तरे दिली म्हणून त्यांच्यावर खटला झाला, तेव्हा १९३४ साली त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. हेच बाबासाहेब पुढे १९५४ साली आपल्या भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले. कर्वे तो खटला हरले. पण अज्ञान ज्ञानानेच जाते, दडपल्याने जात नाही, हा मुद्दा काही हरला नाही.

आता आपण काय करायचे? आधी शिक्षकांसाठी. एक, वर्गात ‘बायल्या’, ‘छक्का’ हे शब्द चालणार नाहीत, हे पहिल्या दिवशीच सांगावे आणि आपल्या तोंडूनही ते कधी निघू देऊ नयेत. मास्तर हसला की वर्गाला परवानगी मिळते. दोन, एखादे पोर एकाएकी मागच्या बाकावर जाऊ लागले, गैरहजर राहू लागले, दात लाल-काळे दिसू लागले, तर छडी उचलण्याआधी त्याला बाजूला घेऊन विचारावे, ‘काय झाले, बाळा?’ आणि मग गप्प बसून ऐकावे. तीन, आणि ही गोष्ट फार महत्त्वाची: त्याने विश्वासाने काही सांगितले, तर ते त्याच्या संमतीवाचून शिक्षकांच्या खोलीत किंवा त्याच्या घरी बोलू नये. चांगल्या हेतूने केलेली चहाडीही लेकराला घराबाहेर काढू शकते. मात्र त्याच्या जिवाला धोका असेल, किंवा कोणी त्याच्यावर अत्याचार करीत असेल, तर गप्प बसण्याची मुभा आपल्याला नाही. तशा वेळी आधी त्याला विश्वासात घ्यावे आणि मग मदत आणावी. अत्याचाराची माहिती पोलिसांना देणे कायद्याने बंधनकारकच आहे.

नशा सापडली म्हणून शाळेतून नाव काढून टाकणे हा उपाय नव्हे. शाळा सुटली की त्या पोराला ठेल्यावाचून दुसरी जागाच उरत नाही. दंड करायचा तर विकणाऱ्याला करावा. शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकणे आणि अठरा वर्षांखालील मुलाला ती देणे, दोन्हींना बंदी आहे. मुलाला नशेचा पदार्थ देणाऱ्याला २०१५ च्या बालन्याय कायद्याने सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

आईबापांना एवढेच सांगणे आहे. पोराने येऊन सांगितले, तर त्या घटकेला तुम्हाला सारे पटले नाही तरी चालेल. रडू आले तरी चालेल. पण एक वाक्य मात्र बोला: ‘तू आमचाच आहेस, घर सोडून कुठे जाऊ नको.’ ज्या पोराला हे वाक्य मिळते त्याच्या हातून बाटली आज ना उद्या सुटते. समजून घ्यायला मग वर्षे आहेत.

आणि गावकऱ्यांनो, गाव करी ते राव न करी. आपल्या शेजारच्या गडचिरोलीत लोकांच्या चळवळीतून १९९३ साली दारूबंदी झाली. चंद्रपुरात ती २०१५ साली झाली आणि २०२१ साली उठली. कित्येक गावांत बायांनी मतदान करून बाटली आडवी केली. त्यांच्या हिमतीला नमस्कार. पण दुकान बंद होते, पुन्हा उघडते; पिण्याचे कारण शिल्लक राहिले तर पोरगा दुसऱ्या गावाची वाट धरतो. म्हणून बाटली आडवी करताना एकट्या पोरासाठी एक जागा उभी करा. त्याला फार खर्च लागत नाही. वाचनालय असेल, भजनी मंडळ असेल, गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना असेल, मंडईच्या नाटकाची तालीम असेल. तिथे या पोराला बोलवावे, काम द्यावे. पेटी वाजवता येते त्याला पेटी द्या, हिशेब येतो त्याला वर्गणीची वही द्या. चेष्टा करणाऱ्याला एका जाणत्याने सर्वांदेखत थांबवले तरी पुष्कळ होते. आशाताई आणि बचतगटातल्या बाया घरोघर जातात. मुलींची दुखणी त्यांच्या कानावर आधी येतात. त्यांनीही हा विषय समजून घ्यावा.

गावाबाहेरही आधार आहे. केंद्रीय आरोग्य खात्याने २०१४ साली किशोरवयीनांसाठी राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. त्यासाठी २०१७ साली काढलेल्या ‘साथिया’ या साहित्यात, या वयात आपल्यासारख्याच मुलाविषयी किंवा मुलीविषयीही ओढ वाटू शकते, हे मोकळेपणाने सांगितले आहे. तालुक्याच्या रुग्णालयात किशोरांसाठी ‘मैत्री’ क्लिनिक चालते का, याची चौकशी करावी. नागपुरात सारथी ट्रस्ट ही संस्था या लोकांसाठी काम करते, आणि २०१६ पासून तिथे त्यांची अभिमानयात्राही निघाली आहे. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ साली स्थापन केलेली समपथिक ट्रस्ट आहे, मुंबईत १९९४ पासून हमसफर ट्रस्ट आहे. पवनीहून नागपूर एस.टी.ने काही फार लांब नाही. तेही जमले नाही तर फोन आहे. मन फार खचले असेल तर १४४१६, नशा सोडायची असेल तर १४४४६, आणि संकटातल्या लेकरासाठी १०९८. हे तीन आकडे शिक्षकांनी शाळेच्या फळ्यावर एका कोपऱ्यात लिहून ठेवावेत आणि पुसू नयेत. ज्याला लागतील तो पोरगा कोणाला न विचारता टिपून घेईल.

१९६९-७० साली आमच्या पवनीत जगन्नाथ टेकडीवर उत्खनन झाले आणि मातीखालून दोन हजार वर्षांपूर्वीचा स्तूप निघाला. वर लोक पिढ्यान्‌पिढ्या वावरत होते. पायाखाली काय आहे याचा कोणाला पत्ता नव्हता. आपल्या वर्गांतही, आपल्या घरांतही असे पुष्कळ काही दडलेले असते. ते कुदळीने उकरून काढायचे नसते. आपण जरा ऐकायला बसलो की ते आपणहून वर येते. आज ठेल्यावर उभे असलेले एखादे पोर उद्या घरी लवकर परतावे, असे वाटत असेल, तर घराचे दार त्याच्यासाठी आधी उघडे असले पाहिजे. ते उघडण्याचे काम सरकारचे नाही, तुमचे-माझे आहे.